खोबरेल तेल, बारा बुश आणि चार महिने : एका जुन्या घड्याळाच्या दुरुस्तीचा अनुभव

आमच्या घरातील लंबकाचे घड्याळ गेली कित्येक वर्षे डिसेंबर उजाडला की बंद पडत असे आणि होळीच्या सुमारास, कोणी हात न लावता, पुन्हा चालू होत असे. घरात या गोष्टीचे कौतुकच होते. ‘त्याला थंडी सोसत नाही,’ असे आई पाहुण्यांनाही सांगत असे. गेल्या वर्षी मात्र होळी उलटली, पाडवा झाला, तरी घड्याळ हलले नाही, तेव्हा एप्रिलमध्ये मी ते पुण्याच्या सदाशिव पेठेत वडील आणि मुलगा मिळून चालवीत असलेल्या एका लहानशा कार्यशाळेत नेऊन दिले. हे परीक्षण त्या कार्यशाळेच्या कामाचे आहे. कार्यशाळेचे नाव येथे देत नाही, कारण हातात वर्षभर पुरेल इतके काम साचलेले असल्याने ते छापू नये, अशी विनंती वडिलांनी केली आणि ती मला रास्त वाटली. घड्याळ परत येऊन आता पावसाळ्याचा उत्तरार्ध आणि निम्म्याहून अधिक हिवाळा लोटला आहे, म्हणून इतके दिवस थांबून हे लिहीत आहे. दुरुस्त केलेले घड्याळ पहिल्या आठवड्यात चालतेच. त्यावरून कारागिराची परीक्षा होत नाही.

घड्याळ अमेरिकन ‘अ‍ॅन्सोनिया’ कंपनीचे आहे. वर अष्टकोनी चौकट, खाली लंबकासाठी काचेची लांबट पेटी, आठवड्यातून एकदा चावी, दर तासाला तितके टोले आणि अर्ध्या तासाला एक, असा त्याचा सरळसाधा प्रकार. ही घड्याळे एके काळी आपल्याकडे मोठ्या संख्येने आली. कोकणातल्या घरांच्या माजघरांपासून संस्थानिकांच्या कचेऱ्यांपर्यंत ती टांगलेली असत. कंपनी मात्र १९२९ मध्ये संपली आणि तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाने विकत घेतली. आमच्या आजोबांनी हे घड्याळ १९३४ साली गिरगावात जुने म्हणूनच घेतले होते. ते रेल्वेत असल्यामुळे घरात ‘स्टँडर्ड टाइम’ पाळला जाई, तर चाळीतील काही बिऱ्हाडांत त्याहून ३९ मिनिटे मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ चालत असे. मुंबईत हा दुहेरी कारभार १९५५ पर्यंत टिकला, आणि आमच्या घड्याळाचे टोले ऐकून शेजारच्या आजी ‘रेल्वेवाल्यांचे वाजले, आपले वाजायचेत,’ असे म्हणत, ही आठवण माझे वडील नेहमी सांगत. असो.

कार्यशाळेत गेल्यावर जी पहिली गोष्ट घडली तिच्यामुळेच खरे तर माझा विश्वास बसला. वडील कारागिरांनी घड्याळ उघडले, भिंग डोळ्याला लावले, यंत्राच्या मागच्या पत्र्यावरून बोट फिरवले, ते बोट नाकाशी नेले आणि विचारले, ‘‘घरात कोणी खोबरेल तेल घालतं का याला?’’ घालत होते. दर दसऱ्याला शस्त्रपूजेच्या दिवशी माझे वडील पिसाने खोबरेल तेलाचे चार थेंब आत सोडत आणि त्यांच्यामागे मीही ती प्रथा निष्ठेने चालवली होती. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते, हे प्रत्येक मराठी घराला बाटली उन्हात ठेवण्याच्या सवयीमुळे ठाऊक असते. पण तेच तेल घड्याळाच्या आत गोठत असेल, हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात इतक्या वर्षांत आले नव्हते. घड्याळाला थंडी सोसत नव्हती याचा अर्थ एवढाच होता. उन्हाळ्यात ते तेल पातळ होई खरे, पण तोवर त्यात धूळ मिसळून त्याची जी लुगदी झालेली असे, ती पॉलिशच्या मसाल्यासारखी आतला धातू घासत राही.

यांत्रिक घड्याळाचे यंत्र म्हणजे पितळेचे दोन पत्रे आणि त्यांच्यामध्ये उभी केलेली दात्यांची चाके. प्रत्येक चाकाच्या पोलादी आसाची बारीक टोके, ज्यांना कारागीर पिव्हट म्हणतात, या दोन पत्र्यांतील भोकांमध्ये फिरतात. पोलाद कठीण आणि पितळ मऊ, तेव्हा झीज पितळाची होईल असे आपण धरून चालतो, आणि ती होतेही. भोक गोल न राहता चाकाचा दाब ज्या दिशेला असेल त्या दिशेने लांबट होत जाते. परंतु धुळीचे कण मऊ पितळात रुतून बसतात आणि तेथे बसल्या बसल्या पोलादी टोकालाही कानशीसारखे घासतात, ही गोष्ट मला तेथेच कळली. भोक लांबले की चाक तिरके होते, त्याचे दाते पुढच्या चाकाच्या दात्यांत हवे त्यापेक्षा कमी किंवा अधिक खोल बसतात आणि स्प्रिंगची ताकद वाटेतच संपते. लंबकापर्यंत जे पोहोचते ते त्याला हलते ठेवण्यास पुरत नाही. घड्याळ बंद पडण्याची बहुतेक कारणे शेवटी येथेच येऊन मिळतात.

आमच्या यंत्रात अशी बारा भोके निघाली. त्यांतील चार भोकांच्या भोवती पत्र्यावर खिळ्याने ठोकल्यासारखे टिंबांचे कडे होते. ही नव्वदच्या दशकातील एका दुरुस्तीची खूण. ती कोणी केली हे मला आठवते, पण ते येथे महत्त्वाचे नाही. रुंदावलेल्या भोकाच्या भोवती पंच मारून पितळ आत ढकलायचे आणि भोक लहान करायचे, ही बाजारातली जुनी युक्ती आहे. तिने काम पंधरा मिनिटांत होते आणि घड्याळ वर्ष-दोन वर्षे चालते. परंतु भोकाचा मध्य मूळ जागी येत नाही आणि पत्रा कायमचा विद्रूप होतो. त्याच दुरुस्तीत मूळ स्प्रिंग काढून तिच्याहून जाड स्प्रिंग बसवली होती, म्हणजे वाट अडली म्हणून रेटा वाढवण्याचा प्रकार. त्यामुळे झीज दुपटीने वाढली.

योग्य पद्धत वेळखाऊ आहे आणि मुलाने ती मला एका शनिवारी दुपारी शेजारी बसवून दाखवली. भोक प्रथम झिजेच्या उलट बाजूला कानशीने तेवढेच वाढवायचे, म्हणजे त्याचा मध्य मूळ ठिकाणी परत येतो. मग रीमरने ते गोल करून त्यात काशाचे लहानसे कडे, म्हणजे बुश, दाबून बसवायचे, आणि शेवटी त्या बुशचे भोक आतून निमुळत्या पात्याने थोडे थोडे खरवडत पिव्हटच्या मापाला आणायचे. पिव्हट आत बसल्यावर किंचित डुलला पाहिजे, पण लटपटता कामा नये. हे डुलणे किती असावे ते आकड्यात सांगता येईल का, असे मी विचारले, तेव्हा त्याने पत्रा माझ्या हातात देऊन आस बोटाने हलवून बघायला सांगितले. बुश बसवण्यापूर्वी प्रत्येक पिव्हट लेथवर धरून घासून चकचकीत केला होता, कारण खरखरीत पिव्हट नव्या बुशलाही सहा महिन्यांत खाऊन टाकतो. पंच मारलेल्या चार भोकांसाठी मोठ्या मापाचे बुश घ्यावे लागले. टिंबांचे कडे त्यांत अर्धवट झाकले गेले आहे, पूर्ण नाही. ते पूर्ण झाकण्यासाठी पत्रा घासून काढता आला असता. तसे करू का, असे त्यांनी विचारले आणि करू नये असा सल्लाही स्वतःच दिला, कारण पत्र्यावर कंपनीचे नाव ठशाने उमटवलेले आहे आणि घासण्यात तेही पुसट झाले असते.

सफाईच्या बाबतीतही त्यांचा हात असाच जपून चालतो. पितळ उजळण्यासाठी अमोनिया असलेले द्रावण सर्वत्र वापरले जाते आणि त्यातून काढलेले यंत्र सोन्यासारखे झळकते. ग्राहकावर छाप पडते ती त्यानेच. पण ताणाखाली असलेल्या पितळाला अमोनिया आतून तडे पाडतो. ब्रिटिश अमदानीत आपल्याकडच्या लष्करी ठाण्यांत तबेल्यांमध्ये साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत, आणि त्याचे कारण घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया हे होते, असे १९२१ मध्ये सिद्ध झाले. हा दाखला वडील कारागिरांनी दिला तेव्हा मला तो गप्पांतला वाटला. घरी येऊन पडताळला तर तो खरा निघाला. ते अमोनियाचे द्रावण अगदी सौम्य करून काही मिनिटांपुरतेच वापरतात, नंतर यंत्र भरपूर पाण्याने आणि शेवटी स्पिरिटने धुऊन गरम हवेत वाळवतात. परिणामी आमचे यंत्र स्वच्छ आहे, पण झळकत नाही. एका नातेवाइकांनी ते पाहून ‘एवढे पैसे घेऊन पॉलिशसुद्धा केले नाही?’ असे म्हटले.

लंबकाशी थेट जोडलेला भाग म्हणजे जहाजाच्या नांगराच्या आकाराची पोलादी पट्टी. तिची दोन टोके शेवटच्या चाकाचा एकेक दाता आळीपाळीने अडवतात आणि सोडतात, आणि आपल्याला ऐकू येणारी टिकटिक ती हीच. नव्वद वर्षांहून अधिक काळ त्याच जागी दाते आपटून दोन्ही टोकांवर खाचा पडल्या होत्या. खाचा घासून पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत केला की पट्टी तेवढी बारीक होते, म्हणून तिचे चाकापासूनचे अंतर नव्याने जुळवावे लागते, आणि हे जुळवणे केसाच्या जाडीइतके चुकले तरी घड्याळ एक तर अडखळते किंवा दाते भराभर निसटू लागतात. या एका भागावर त्यांनी दोन दिवस घालवले. नवी पट्टी परदेशातून मागवता येते, तरीही जुनीच राखली, हे मला विशेष आवडले.

स्प्रिंगच्या बाबतीत मात्र जुने राखण्याचा प्रश्न नव्हता. जाड स्प्रिंग काढून मूळ मापाची पाऊण इंच रुंदीची स्प्रिंग वेळेच्या बाजूला बसवली; टोल्यांच्या बाजूची मूळ स्प्रिंग धुऊन, बाहेरच्या टोकाच्या फासावरची चीर तपासून, फास नव्याने करून परत घातली. येथे वाचकांना एक सूचना करणे मला आवश्यक वाटते. या अमेरिकन यंत्रांतील स्प्रिंगा डब्यात बंद नसतात, उघड्या असतात. चावी दिलेल्या अवस्थेत यंत्राचे पत्रे सोडवले तर ती स्प्रिंग दाते तोडते आणि बोटेही. इंटरनेटवरील चलच्चित्रे पाहून घरी प्रयोग करणाऱ्यांची तीन यंत्रे त्या दिवशी त्यांच्या टेबलावर होती.

टोल्यांची यंत्रणा जुन्या पद्धतीची, खाचांच्या चाकाची आहे. त्या चाकाच्या कडेवरील खाचांमधील अंतर वाढत जाते आणि त्यावरून किती टोले पडायचे ते ठरते. बारा तासांत तासांचे ७८ आणि अर्ध्या तासांचे १२ मिळून ९० टोले. या चाकाला काट्यांची काही खबर नसते. काटा चार वाजल्यावर असताना घड्याळ खुशाल नऊ टोले देऊ शकते, आणि आमचे घड्याळ अनेक वर्षे तसेच देत होते. हा बिघाड नाही, केवळ ताळमेळ सुटलेला असतो. यंत्रातील एक तार वर उचलून टोले पुढे सरकवले की तो जुळतो. ती तार कोठे आहे हे त्यांनी मला दाखवून दिले, माझ्याकडून दोनदा करवून घेतले, आणि मिनिटकाटा बारावरून उलटा फिरवायचा नाही, हे तीनदा बजावले.

तक्रारीची पहिली जागाही टोल्यांचीच. हातोडीच्या तोंडावरचे कातडे कडक होऊन आवाज कर्कश झाला होता, म्हणून त्यांनी नवे बसवले, आणि ते इतके मऊ निघाले की ऑगस्टमध्ये घड्याळ घरी आले तेव्हा टोले शेजारच्या घरात कोणी उशी झोडपत असल्यासारखे ऐकू येत. सांगितल्यावर मुलगा येऊन कातडे बदलून गेला, पैसे घेतले नाहीत, पण येण्यास त्याला पाच आठवडे लागले. दुसरी तक्रार लाकडी पेटीची. ती त्यांनी परस्पर एका सुताराकडे दिली आणि सुताराने तिला असे काही लाखेचे पॉलिश केले की पेटी कालच दुकानातून आणल्यासारखी दिसते. यंत्राच्या बाबतीत जुन्याचा इतका मान राखणाऱ्या लोकांनी पेटीकडे दुर्लक्ष करावे, हे मला खटकले आणि मी ते त्यांना सांगितले. वडिलांनी मान्य केले. मुलाचे म्हणणे असे की दहापैकी नऊ ग्राहकांना तशीच पेटी हवी असते. त्याचे खरे असेल. कागदी तबकडीला मात्र, मी आधीच बजावले होते म्हणून असो वा त्यांच्या शिस्तीमुळे असो, कोणी हात लावला नाही. तिचा पिवळेपणा आणि सहाच्या आकड्याजवळचा डाग जसेच्या तसे आहेत.

तिसरी आणि सर्वांत गंभीर तक्रार हिशेबाची आहे. सुरुवातीला तोंडी सांगितलेला खर्च ९ ते १० हजार रुपये होता. प्रत्यक्षात यंत्राचे १२,४०० आणि पेटीचे ४,५०० झाले. वाढीव बुश आणि स्प्रिंगमुळे रक्कम वाढली हे पटण्यासारखे आहे, पण यंत्र उघडल्यानंतर लेखी अंदाज द्यायला हवा होता, निदान एक फोन तरी. मुदतही सहा आठवड्यांची सांगून चार महिने घेतली. काढलेले जुने भाग मागितल्यावर पुडीत बांधून दिले, न मागता दिले नाहीत.

दुसऱ्या बाजूला पर्याय काय होता तेही सांगितले पाहिजे. कार्यशाळेत जाण्यापूर्वी मी शहरातील दोन दुकानांत चौकशी केली होती. दोन्ही ठिकाणी आतले यंत्र काढून बॅटरीवर चालणारे क्वार्ट्झ बसवण्याचा सल्ला मिळाला, एकाने तर लंबक ‘शोसाठी’ हलता ठेवू असेही आश्वासन दिले. काढलेल्या यंत्राचे काय होते याची कल्पना जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात फेरी मारणाऱ्यांना असेल. एकाची पेटी, दुसऱ्याचे यंत्र आणि तिसऱ्याची तबकडी घेऊन जुळवलेली घड्याळे तेथे ‘अस्सल’ म्हणून विकली जातात. ज्यांना वेळ पाहण्यापुरतेच घड्याळ हवे आहे त्यांनी क्वार्ट्झ घ्यावे, यात काहीच गैर नाही, पण ते नवे घ्यावे.

कामाचा शेवटचा भाग घरी झाला आणि तो अनेक दुरुस्तीवाले वगळतात. दुकानात बरोबर चालणारे घड्याळ आपल्या भिंतीवर येऊन थांबते, कारण भिंतीवर ते किंचित कलते आणि ‘टिक’ व ‘टिक’ यांच्यामधील अंतर विषम होते. मुलाने घड्याळ टांगल्यावर डोळे मिटून पाच मिनिटे ते ऐकले, लंबकाला ढकलणारी तार हलक्या हाताने जराशी वाकवली, पुन्हा ऐकले, आणि मग मोबाइलवर दोन ठोक्यांतील अंतर मोजून मला दाखवले. त्यानंतर पेटीच्या खालच्या कडेला भिंतीवर पेन्सिलची एक बारीक रेघ मारली, पुसता-झाडताना घड्याळ सरकले तर परत त्या रेघेवर आणण्यासाठी.

वेळेचा हिशेब मी वहीत ठेवला आहे. लंबकाच्या गोळ्याखालची चकती वर फिरवली की लंबक आखूड होऊन घड्याळ पुढे जाते, खाली फिरवली की मागे पडते. पहिले तीन आठवडे हे जुळवण्यात गेले. सध्या ते आठवड्याला दीड ते दोन मिनिटांच्या आत असते. चावी दिल्यानंतर दोन दिवस ते किंचित पुढे धावते आणि आठवड्याच्या शेवटी रेंगाळते. स्प्रिंगवर चालणाऱ्या या जातीच्या यंत्राचा तो स्वभावच आहे. पोलादी दांडी थंडीत आकसते, त्यामुळे दहा अंशांच्या फरकाने दिवसाला सुमारे पाच सेकंद पुढे जाते, आणि वहीतील डिसेंबरचे आकडे जवळपास तेच सांगतात. या हिवाळ्यात पहाटे घरात चांगलाच गारठा असतो, पण घड्याळ एकदाही थांबलेले नाही.

पावतीच्या मागे त्यांनी चार वर्षांनंतरच्या ऑगस्टची तारीख लिहून दिली आहे. तेव्हा तेल बदलायचे, तेही घड्याळाचे खास तेल, फक्त पिव्हटच्या टोकाशी, सुईच्या अग्रावर मावेल इतके, आणि चाकांच्या दात्यांना मुळीच नाही. दसऱ्याला यंदा मी घड्याळाला नुसते फूल वाहिले.